लेकीनं देऊ केलेल्या तीन रात्री

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्याच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५९, शाळेतून निवृत्त. यजमान ६४ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. येत्या डिसेंबरात लग्नाला ३५ वर्षं होतील. मुलगी आणि जावई म्युनिकला नोकरी करतात. मुलगा पुण्यात, त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज. लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी एका नामांकित हॉटेलात तीन रात्री देऊ केल्या आहेत. ताईंनी भाडं बघितलं: एका रात्रीला हजार युरोंच्या वर, म्हणजे लाखाच्या घरात. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. यजमान म्हणाले, 'तळ्याकाठी बसायला आपली तलावपाळी काय वाईट आहे? एवढे पैसे घालायचेच तर बारा दिवसांत सात देश होतात. नाहीतर तेच पैसे पुण्याला दे म्हणावं, कर्ज तरी हलकं होईल.' धाकटी बहीण म्हणाली, 'तिथं सिनेनट्या लग्न करतात, तुमचं काय काम? तेही लेकीच्या पैशांवर?' आपल्याला सफाईनं इंग्रजी बोलता येत नाही, यजमान शाकाहारी, त्यांचे गुडघे कुरकुरतात, याचीही धास्ती आहे. लेक उत्तराची वाट बघते आहे. तिला न दुखावता नाही कसं म्हणावं, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला तो पैशांचा प्रश्न वाटला. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही जाता जाता लिहून गेलेल्या एका वाक्यापाशी थांबले. दोन वर्षांपूर्वी तुम्ही सहा आठवडे म्युनिकला होतात. निघण्याआधी दोनशे पोळ्या लाटून फ्रीजरमध्ये ठेवल्यात. भाजणी, मेतकूट, बेसनाचे लाडू सगळं करून दिलंत, 'फिरणं मात्र फारसं झालं नाही'.

हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय आणि कौतुकाचंच आहे. पण तेच सहा आठवडे जरा लेकीच्या बाजूनं बघा. ती संध्याकाळी कामावरून येते तेव्हा आई ओट्याशी उभी. शनिवारी ती म्हणते, चल बाहेर जाऊ. आई म्हणते, थांब, एवढी कणीक मळून होऊ दे. मग एक दिवस ती तुम्हाला विमानतळावर सोडून घरी परत येते आणि फ्रीजर उघडते. पोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आहेत. आईशी निवांत बसून बोलणं मात्र राहूनच गेलंय. मी तिच्या मनात शिरून सांगू शकत नाही, ते तुम्हीच विचारायचंय. पण मला वाटतं, त्या हॉटेलात तुमच्यासाठी ओटा नाही, म्हणून तिनं हॉटेल निवडलंय.

आणखी एक गोष्ट पत्रात कुठेच नाही. त्या तीन दिवसांत लेक आणि जावई तिथं असणार आहेत का? तुम्ही 'आम्हा दोघांना' एवढंच लिहिलंय. म्युनिकहून कोमो म्हणजे एका दिवसाचा प्रवास. आधी झुरिकपर्यंत रेल्वे, आणि तिथून गॉटहार्डच्या ५७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून आल्प्सच्या पोटातून पलीकडे, थेट कोमो स्टेशनात. म्हणजे ही जागा तिच्या टप्प्यातली आहे. ती एखाद्या रात्रीपुरती येणार असेल, किंवा तुम्हाला पोचवून मागे फिरणार असेल, किंवा तुम्ही दोघंच असावं असं तिला मनापासून वाटत असेल. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. 'नाही कसं म्हणू' हे मला विचारण्याआधी 'हे तुला का सुचलं गं?' हे तिला विचारा. किमतीचा विषय त्या फोनवर काढू नका.

आता लेकीच्या पैशांचं. तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं होतं, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. माझ्या आजीनंही हेच सांगितलं होतं. त्यांच्या काळात त्या सांगण्यामागे कारण होतं. लेकीच्या हातात स्वतःचा पैसा नसायचा. जे काही यायचं ते तिच्या सासरच्यांचं, आणि त्याची टोचणी तिलाच सोसावी लागायची. आईबापांनी पाणी न पिणं ही लेकीची झाकली मूठ होती. आज तुमची लेक स्वतःच्या कमाईतून देते आहे. कारण संपलं, आणि नियम मात्र आपण नुसता अंगवळणी पडला म्हणून पाळतोय.

तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी यजमानांच्या मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रियांचा खर्च मुलानं केला. तेव्हा तुम्हाला झोप लागली होती ना? कुणी तुम्हाला 'मुलाच्या पैशांवर' असं म्हटलं नव्हतं. मुलानं दिलं ते हक्काचं आणि लेकीनं दिलं ते ओझं, असा हिशोब आपण नकळत मांडून बसतो. लेकीला तो न सांगता कळतो. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी टाकतो. तुम्हाला कायद्याची गरज पडू नये, पण कायदासुद्धा आपल्या घरांच्या पुढे गेलाय एवढंच मला म्हणायचंय.

मात्र एक गोष्ट कृपा करून करू नका. 'तेच पैसे दादाला दे' हे तिला सांगू नका, यजमानांनाही सांगू देऊ नका. भेट नाकारायचा तुम्हाला हक्क आहे, पण ती दुसरीकडे वळवायचा नाही. तुझ्या हौसेपेक्षा भावाचा हप्ता मोठा, असं तिनं त्यात ऐकलं, तर ते ती विसरणार नाही. आणि मुलाला या सहलीची बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका. तुम्ही स्वतः, आनंदानं सांगा. आपण चोरटेपणानं सांगितलं की समोरच्यालाही त्यात काहीतरी चोरण्यासारखं असेल असं वाटू लागतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ते सगळं खरं, पण एका रात्रीचे लाख रुपये! मलाही ती रक्कम मोठी वाटते, आणि तसं वाटणं तुम्ही सोडून द्यावं असं मी म्हणणार नाही. तुम्ही एका पगारात, नंतर दोन पगारांत घर उभं केलंत, तुमचा हात आखडणारच. फक्त त्या लाखात काय येतं आणि काय येत नाही ते नीट बघू.

कोमो सरोवर, तिथले लोक त्याला लारिओही म्हणतात, नकाशावर उलट्या धरलेल्या बेचकीसारखं दिसतं. एका पायाच्या टोकाला कोमो शहर, दुसऱ्याच्या टोकाला लेक्को, आणि दोन पाय जिथं फुटतात तिथं नेमकं बेल्लाजिओ. सरोवर हिमनदीनं कोरलेलं आहे, खोली चारशे मीटरच्या पुढे, दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर गेली चार-पाचशे वर्षं धर्मगुरू, सरदार आणि व्यापारी वाडे बांधत आले. चेर्नोब्बिओचं विला देस्ते हा एका कार्डिनलसाठी १५६८ मध्ये बांधलेला वाडा, १८७३ पासून ते हॉटेल आहे. त्रेमेत्सोचं ग्रँड हॉटेल १९१० चं. अशा ठिकाणी तुम्ही पैसे मोजता ते खोलीचे, सेवेचे, बागेचे आणि काठावरच्या तुमच्यापुरत्या जागेचे.

सरोवर मात्र कुणाच्याही मालकीचं नाही. ज्या बोटीतून ते सगळ्यात सुंदर दिसतं ती सार्वजनिक बोट आहे, आपल्याकडच्या रेवस-भाऊच्या धक्क्याच्या लाँचसारखी, वेळापत्रकावर चालणारी. बेल्लाजिओ, वारेन्ना, मेनाज्जिओ, कादेनाब्बिया ही मधली गावं एकमेकांपासून बोटीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, आणि त्या मधल्या भागाचा दिवसभराचा पास मिळतो. वाडेही आता बरेचसे उघडे आहेत. तुमच्या बहिणीनं ज्या लग्नाचा उल्लेख केला ते दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं, नोव्हेंबर २०१८ मधलं, लेन्नोच्या विला देल बाल्बिआनेल्लोमध्ये झालेलं. तो वाडा गुईदो मोन्त्सिनो या गिर्यारोहकाचा होता. १९७३ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या इटालियन मोहिमेचा हा नेता. १९८८ मध्ये तो वारला आणि त्यानं वाडा इटलीच्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. तिकीट काढून कुणीही आत जातं. बहिणीला सांगा, जिथं त्या नटीचं लग्न कोकणी पद्धतीनं लागलं, तिथं ठाण्याच्या बाईंनी जायला हरकत नसावी.

आणि त्रेमेत्सोचा विला कार्लोत्ता. तो १८४३ मध्ये प्रशियाच्या राजघराण्यातल्या एका सुनेनं विकत घेतला आणि पुढे लेकीच्या लग्नात तिला भेट दिला. त्या लेकीचं नाव शार्लोट, इटालियनमध्ये कार्लोत्ता, तेच वाड्याला चिकटलं. आईनं लेकीला सरोवरकाठचा वाडा दिला तर कुणाला काही वाटलं नाही. तुमची लेक तुम्हाला त्याच काठावरच्या तीन रात्री देते आहे. त्या बागेत एप्रिल-मे महिन्यांत अझेलिया फुलतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या फुलांच्या भिंती उभ्या राहतात. मी ती बाग मे महिन्यात बघितली आहे आणि अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

यजमानांच्या 'तिथं बघायला काय आहे' या प्रश्नाला माझ्याकडे वेगळं उत्तर आहे, आणि ते लिहिताना मला फार आनंद होतोय. त्यांनी सगळी नोकरी अकरा केव्ही, बावीस केव्ही असं म्हणत काढली. त्या केव्हीमधला व्ही ज्याच्या नावाचा, तो अलेस्सांद्रो व्होल्टा कोमोचा. १७४५ मध्ये तिथंच जन्मला, १८२७ मध्ये तिथंच वारला. तांबं किंवा चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, अशी चळत रचून त्यानं जगातली पहिली विद्युतघट बनवली. त्याचं वर्णन करणारं जे पत्र त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं, ते २० मार्च १८०० रोजी कोमोहूनच लिहिलेलं आहे. शहरात सरोवराच्या अगदी काठावर त्याच्या नावाचं एक गोल घुमटाचं स्मारक आहे, मृत्यूला शंभर वर्षं झाली त्या निमित्तानं बांधलेलं. आत त्याची उपकरणं मांडली आहेत. १८९९ मध्ये तिथल्या प्रदर्शनाला आग लागून मूळ वस्तूंपैकी बऱ्याच जळाल्या, काही वाचल्या, काहींच्या हुबेहूब प्रतिकृती केल्या गेल्या. उघडं आहे ना एवढं आधी बघून जा. युरो येण्याआधी इटलीच्या दहा हजार लिऱ्यांच्या नोटेवर एका बाजूला व्होल्टा होता आणि मागच्या बाजूला हेच स्मारक.

एवढ्यानं ते तयार झाले नाहीत तर रेल्वेचं सांगा. मिलानहून वारेन्नाला जाणारी गाडी लेक्कोनंतर सरोवराच्या पूर्व काठानं धावते. हा मार्ग १९०२ मध्ये थ्री फेज विजेवर चालू झाला, तीन हजार व्होल्टवर. मुख्य रेल्वेमार्गावर उच्च दाबाची थ्री फेज वीज वापरण्याची जगातली ती पहिली वेळ. ते काम काल्मान कांदो नावाच्या हंगेरियन अभियंत्याचं. आपल्याकडे बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ ला. ज्या माणसानं आयुष्यभर फेज सांभाळले त्याला त्या गाडीत खिडकीशी बसवा, डाव्या बाजूला, कारण जाताना सरोवर डावीकडे असतं. मग तलावपाळीचं काय म्हणतात ते मला कळवा. (तलावपाळी मलाही प्रिय आहे. पण तिथं तुम्ही दोघं शेवटचे निवांत कधी बसला होतात, हेही पत्रात नाही.)

सात देशांच्या सहलीला मी वाईट म्हणणार नाही. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना अशा सहलींनी युरोप दाखवला. सोबत आपली भाषा बोलणारी माणसं, वेळेवर वरणभात, कुणी आजारी पडलं तर धावणारा टूर मॅनेजर, हे सगळं मोलाचं आहे. पण पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस, असे बारा दिवस कुरकुरत्या गुडघ्यांनी काढायचेत का, ते यजमानांनी स्वतःला विचारावं. त्यांना रोम, व्हेनिस बघायचंच असेल तर ती त्यांची खरी इच्छा आहे आणि तिला जागा द्यायला हवी. कोमोनंतर मिलानहून रेल्वेनं व्हेनिस अडीच तासांच्या आसपास आहे, दोन रात्री जोडता येतील, त्या तुमच्या खर्चानं. 'एवढं गेलोच आहोत तर' म्हणून पाचवं आणि सहावं गाव जोडू लागाल तेव्हा मात्र थांबा.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर आधी हो म्हटलं असतं. अटी न घालता, 'पण' न लावता. भेटीत काही बदल सुचवायचं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या फोनवर. तिथं दोन गोष्टी सुचवता येतील. विमानाची तिकिटं, व्हिसा आणि विमा आमचा, हॉटेल तुमचं: हे तिला पटेल आणि यजमानांचा मानही राहील. दुसरं, तीनही रात्री मोठ्या हॉटेलात हव्यात का? दोन रात्री वारेन्ना किंवा मेनाज्जिओच्या एखाद्या साध्या, घरगुती हॉटेलात काढल्या तर हंगामातसुद्धा रात्रीला साधारण दीडशे ते अडीचशे युरोंत भागतं. शेवटची एक रात्र मोठ्या हॉटेलात. असं केलं तर बिल निम्म्याच्या आसपास येतं.

पण हे सुचवताना तिचा आवाज ऐका. ती हिरमुसली तर लगेच सोडून द्या. तीनही रात्री तुम्ही एकाच खोलीत, बॅगा न आवरता राहावं असं तिला वाटत असेल, आणि वयाच्या साठीत त्यालाही अर्थ आहे. काटकसर करून तुम्ही तिची भेट सुधारताय असं तिला वाटलं तर वाचवलेले पैसे महागात पडतील.

एकच रात्र ठरली तर एक लक्षात ठेवा. खोली दुपारी तीनच्या सुमाराला मिळते, दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडायची असते. बहुतेक हॉटेलं सामान सकाळीच ठेवून घेतात आणि बागेत, काठावर बसू देतात. आधी ई-मेलनं विचारून सकाळीच पोचा. आणि त्या दिवशी बोट, वाडे, खरेदी काही नको. तिथंच बसा. सरोवरावर दोन वारे असतात, सकाळी उत्तरेकडून तिवानो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा. सकाळचं पाणी आणि दुपारचं पाणी वेगळं दिसतं, हे बघायला दिवसभर एका जागी बसावं लागतं.

तारखेचं बोलू, कारण इथं तुमची योजना अडकेल. लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात आहे, आणि साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथली बहुतेक मोठी हॉटेलं बंद असतात. वाडे आणि बागाही बऱ्याचशा बंद, बोटी कमी. तेव्हा तारखेचा हट्ट नको. डिसेंबरात ठाण्यात पूजा करा, श्रीखंड-पुरी करा, आणि सरोवराला मे महिन्यात किंवा सप्टेंबरात जा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. १५ ऑगस्टला इटलीत मोठी सुट्टी असते, तो आठवडा तर टाळाच.

व्हिसा एकच लागतो, शेंगेनचा. त्यावर जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली तिन्ही होतात. जिथं सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. तुम्ही म्युनिकला तीन-चार आठवडे आणि इटलीत तीन-चार दिवस असाल तर अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क माणशी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो काढताना रक्तदाब, साखर, गुडघे काहीही लपवू नका. आधीपासूनच्या आजारावरचे उपचार विम्यात बसतात की नाही ते वाचून घ्या. आणि व्हिसा हाती येईपर्यंत हॉटेलाचं आरक्षण रद्द करता येईल असंच ठेवा, मग ते थोडं महाग पडलं तरी चालेल.

गुडघ्यांसाठी बेल्लाजिओबद्दल सावध करते. फोटोंतल्या त्या सुंदर दगडी गल्ल्या म्हणजे सगळ्या पायऱ्या आहेत. तिथं बोटीच्या धक्क्याजवळच्या सपाट रस्त्यानं विला मेल्त्सीच्या बागेकडे जा, तेवढं पुरे. वारेन्नाचं स्टेशन गावाच्या वर आहे, सामान घेऊन उतारावरून खाली यावं लागतं. हॉटेलवाल्यांना आधी कळवलं तर टॅक्सीची सोय होते. तिथं मात्र पाण्याच्या कडेनं जाणारी लोखंडी कठड्याची एक वाट आहे, 'प्रेमिकांची वाट' असंच तिचं नाव. हळूहळू चालत गेलात तर यजमानांना झेपेल. कोमो शहरातून ब्रुनाते या वरच्या गावाला जाणारी रज्जुरेल्वे १८९४ पासून चालू आहे, सात मिनिटांत वर पोचवते. त्याच्याही वर डोंगरमाथ्यावर व्होल्टाच्या नावाचा दीपस्तंभ आहे. तिथपर्यंत चढण आहे, ते बघून ठरवा. परतीची शेवटची बोट संध्याकाळी आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर सुटते, तिची वेळ सकाळीच कागदावर लिहून खिशात ठेवा.

जेवणाची काळजी सगळ्यात कमी करा. पोलेन्ता म्हणजे मक्याच्या कण्या शिजवून केलेला प्रकार. त्यात लोणी, लसूण आणि चीज घातलं की पोलेन्ता उंचा. पित्सोक्केरी म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि चीज, शेजारच्या वाल्तेल्लीना खोऱ्यातलं जेवण. यजमानांना दोन्ही चालेल. रिसोत्तोचा भात मात्र पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने' हे कागदावर लिहून वाढप्याला दाखवा: मांस नको, मासे नको, मांसाचा रस्सा नको. ते पाळतात. तुम्ही मासे खाता, तेव्हा मिस्सोल्तीनी चाखा. सरोवरातले मासे मीठ लावून उन्हात वाळवतात, तमालपत्रं घालून डब्यात दाबून ठेवतात आणि मग भाजून वाढतात. वासानंच तुम्हाला सुक्या बांगड्याची आठवण होईल.

आणि इंग्रजी. तिथल्या वाढप्याची, बोटीवाल्याची, खोली आवरणाऱ्या बाईंचीसुद्धा ती मातृभाषा नाही. तेही शब्द शोधत बोलतात. तुम्ही तीस वर्षं वर्ग सांभाळलात, चार शब्दांत मुद्दा पोचवणं तुमच्याइतकं कुणाला जमणार? कपड्यांचंही तसंच. लेकीनं तुम्हाला गाऊन घ्यायला सांगितला आणि तुम्हाला संकोच वाटतोय असं लिहिलंय. संकोच वाटत असेल तर नका घेऊ. कोमो हे रेशमाचं गाव आहे. पूर्वी आसपासच्या खेड्यांत घरोघरी रेशमाचे किडे पाळायचे. आता सूत बहुतेक बाहेरून येतं, पण विणकाम, छपाई आणि रंगकामात गावाचं नाव अजून आहे, रेशमाचं संग्रहालयही आहे. रेशीम हातात घेऊन पारखणारी माणसं आहेत ती. लग्नातली पैठणी कपाटात घडीवर विरते आहे म्हणालात ना? ती न्या. एका संध्याकाळी काठावर जेवायला बसताना नेसा.

माझं ऐकून हो म्हणू नका. लेकीशी बोलून, यजमानांशी बोलून शेवटी नकोच वाटलं तर तसं कळवा, पण 'महाग आहे' हे कारण सांगू नका, ते तिला खोडता येतं. तुम्हाला खरंच काय आवडेल ते सांगा. म्युनिकजवळच्याच एखाद्या तळ्याकाठी चौघांनी दोन दिवस, स्वयंपाक न करता, हेही चालेल असं म्हणा. मला वाटतं तिला तेही चालेल.

मे महिन्याच्या चांगल्या खोल्या हिवाळ्यातच भरू लागतात, तेव्हा फार दिवस काढू नका. या रविवारी फोन करा. म्युनिकला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दीड-अडीच झालेले असतात, जेवणं उरकलेली असतात. यजमानांना शेजारी बसवा, फोन स्पीकरवर ठेवा, आणि व्होल्टाचं मात्र त्यांनाच लेकीला सांगू द्या.